स्किमरमधून जास्तीचं पाणी का जात नाही? पूलची पातळी कशी राखायची?

प्रश्न थोडक्यात असा: लोणावळ्याला बंगला आहे, ८ बाय ४ मीटरचा पूल, एकच स्किमर (पूलच्या भिंतीत बसवलेला, वरवरचं पाणी ओढून घेणारा डबा). स्किमरच्या तळाशी दोन भोकं आहेत, त्यातलं एक प्लग मारून बंद केलेलं आहे. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि पंप एअर घेतो, म्हणजे पाण्याऐवजी हवा ओढतो. जुलैत पाणी स्किमरच्या तोंडाच्याही वर चढतं. 'स्किमरला ड्रेन आहे, मग जास्तीचं पाणी त्यातून निघून का जात नाही? दुसरं भोक उघडलं तर जाईल का? आणि पाणी नेमकं कुठपर्यंत ठेवायचं?'

पहिली गोष्ट, ते बंद भोक उघडू नका. पातळी त्याने आटोक्यात येणार नाही. त्याच्या पलीकडे पाइप जोडलेला आहे की नाही हेही तुम्हाला माहीत नाही. जोडलेला नसेल तर पाणी थेट जमिनीत जिरायला लागेल. त्या भोकाचं काय करायचं ते पुढे सांगतो.

स्किमरमध्ये शिरलेलं पाणी बाहेर कुठेही फेकलं जात नाही. ते पाइपमधून पंपरूममध्ये जातं, पंपाच्या जाळीतून आणि वाळूच्या फिल्टरमधून फिरतं आणि समोरच्या भिंतीतल्या इनलेटमधून परत पूलमध्येच येतं. तळातल्या मेन ड्रेनचंही तसंच. तिथलं पाणीही गटारात जात नाही, पंपाकडे जातं. म्हणून पंप चोवीस तास चालवला तरी पाऊस पडून वाढलेलं पाणी जिथल्या तिथे राहतं. स्किमरचं काम पृष्ठभागावरचा पाचोळा, किडे, सनस्क्रीनचा तेलकट तवंग ओढून घेण्याचं आहे. पातळी तुम्हाला सांभाळायची आहे, आणि ती नीट असली तरच स्किमर आपलं काम करतो. बहुतेक बंगल्यांवर हे उलटं समजलं जातं आणि तिथूनच सगळी तक्रार सुरू होते.

पूलच्या काठाने जाळी घातलेली पन्हळ असते आणि पाणी काठोकाठ भरून त्या पन्हळीत सांडत असतं, तो ओव्हरफ्लो पूल. त्याचं जास्तीचं पाणी बॅलन्सिंग टँकमध्ये जातं आणि पातळी त्या टाकीत बघायची असते. हॉटेलांत आणि सोसायट्यांत बहुधा तो असतो. तुमचा स्किमर पूल आहे, त्याला अशी टाकी नाही. शेजारच्या पूलवाल्याने टाकीबद्दल काही सल्ला दिला असेल तर तो तुम्हाला लागू नाही.

आता पंप बंद करून स्किमरचं डेकवरचं, म्हणजे पूलभोवतीच्या फरसबंदीवरचं, झाकण उघडा आणि आत बघा. पूलच्या बाजूला तोंडाशी एक झुलता फ्लॅप असतो. पंप चालू असताना तो आत झुकतो आणि त्याच्या वरच्या कडेवरून पाण्याचा पातळ थर आत घसरतो. थर पातळ असतो म्हणूनच वरवरचं पाणी भराभर ओढलं जातं आणि तरंगणारी पानं चार मीटरवरून आपसूक तोंडाकडे येतात. पंप बंद झाला की फ्लॅप वर उचलला जातो आणि आत आलेला कचरा परत पूलमध्ये जात नाही. पुष्कळ पूलमध्ये हा फ्लॅप तुटून कधीच हरवलेला असतो, आणि मालक म्हणतात, 'आमचा स्किमर ओढतच नाही.' या छोट्याशा तुकड्यासाठी लोक मोठा पंप बसवायला निघतात.

फ्लॅपच्या मागे बास्केट, आणि बास्केट उचललं की तळाशी तुमची ती दोन भोकं. साधारण रचना अशी असते की मागचं, म्हणजे पूलपासून लांबचं भोक पंपाकडे जातं. पुढचं, पूलकडचं भोक दोन कामांसाठी ठेवलेलं असतं. एकतर ते मेन ड्रेनला जोडतात, नाहीतर पूलच्या भिंतीत बरंच खाली काढलेल्या एका छोट्या तोंडाला जोडतात. त्या लाइनला इक्वलायझर म्हणतात. ही जोडणी केलेली असेल तर बास्केटखाली एक तरंगती प्लेट बसवायची असते. पाणी स्किमरच्या तोंडाखाली गेलं की ती प्लेट खाली बसते, वरची वाट बंद होते आणि पंप खालच्या लाइनमधून पाणी घेऊ लागतो. त्यामुळे पंप एअर घेत नाही. ही सोय पाणी कमी पडलं तर पंप वाचवण्यासाठी आहे, जास्त झालं तर तिचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे कंत्राटदार मेन ड्रेनची लाइन बहुतेक वेळा स्वतंत्रपणे पंपरूमपर्यंत आणतात. पंपरूममध्ये पंपाच्या अलीकडे किती व्हॉल्व्ह आहेत ते मोजा. तीन असतील तर एक स्किमरचा, एक मेन ड्रेनचा आणि एक व्हॅक्यूम पॉइंटचा (तळ साफ करायची नळी जोडायच्या तोंडाचा) असण्याची शक्यता जास्त. म्हणजे पुढच्या भोकाची गरजच नव्हती, म्हणून त्याला प्लग मारला. तो तसाच राहू द्या. व्हॉल्व्ह एकच असेल तर मात्र पूल बांधणाऱ्याकडून पाइपिंगचं ड्रॉइंग मिळवा आणि त्यानंतरच प्लगला हात लावा.

पाणी कुठपर्यंत ठेवायचं? स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर. तोंडाची उंची साधारण १५ सेंटीमीटर धरली तर तळापासून ७-८ सेंटीमीटर. थोडं वर चालतं, दोन तृतीयांशापर्यंत काही बिघडत नाही. खाली एक तृतीयांशाच्या आत जाऊ देऊ नका. स्किमरशेजारच्या टाइलवर मधोमध ऑइलपेंटची एक बारीक रेघ मारून घ्या, म्हणजे केअरटेकरला फोनवर 'पाणी किती आहे' विचारल्यावर 'बरंय की साहेब' असं उत्तर मिळण्याऐवजी 'रेघेच्या दोन बोटं खाली' असं मिळेल.

पाणी कमी झाल्याचं डोळ्यांआधी कानाला कळतं. स्किमरमध्ये भोवरा तयार होतो आणि घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली एरवी पाणी शिगोशीग दिसतं, त्यात आता फेसाळ हवा खेळताना दिसते. फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा खाली येतो आणि थरथरतो. समोरच्या इनलेटमधून बुडबुडे निघतात. इतकं झाल्यावरही पंप चालूच राहिला तर पाणी तुटतं आणि पंप कोरडा फिरतो. आतलं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहतं. ते तापून जातं आणि पंपाखाली थेंब-थेंब गळू लागतं. तिथपर्यंत पोचला असाल तर सील बदलणं आलंच. म्हणून लगेच करायचं एवढंच: पंप बंद करा, स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून मेन ड्रेनचा पूर्ण उघडा, पंपाच्या जाळीत पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि मग चालू करा. तळातून पाणी फिरत राहील, तोवर वरून भरत राहा. पाणी मध्यावर आलं की नेहमीची मांडणी: तीन हिस्से ओढ स्किमरला, एक हिस्सा मेन ड्रेनला.

पातळी नीट असूनही पंप एअर घेत असेल तर आधी पंपाच्या झाकणाची ओ-रिंग बघा. ती चिरलेली किंवा कोरडी असते. तिला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, रबर फुगतं.

आता तुमचा मे महिना. तुमच्या पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे, म्हणजे एक सेंटीमीटर पाणी उतरलं की ३२० लिटर गेले. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी लागेल. उन्हाळ्यात, वारा असताना उघड्या पूलमधून रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. सहा धरले तर दिवसाला १९० लिटरच्या आसपास, आठवड्याला चार सेंटीमीटर. त्यात बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुणं. तासाला १५ घनमीटर क्षमतेच्या पंपाने तीन मिनिटं बॅकवॉश केला की ७५० लिटर गटारात, म्हणजे पातळी सव्वादोन सेंटीमीटर खाली. शिवाय शनिवार-रविवारी पाहुणे उड्या मारून जे पाणी डेकवर उडवतात ते वेगळं. दोन आठवडे कुणी फिरकलं नाही तर पाणी मध्यावरून निघून स्किमरच्या तळाशी पोचणारच. टायमरवर पंप मात्र ठरल्या वेळी सुरू होतो. तुमची तक्रार बहुधा एवढीच आहे, गळती नसेलही.

पण खात्री करून घ्या. बादलीची चाचणी सगळ्यात सोपी. पूलच्या पहिल्या पायरीवर एक बादली ठेवा, तळाशी दगड घाला, आत पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा आणि बादलीच्या आत-बाहेर दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. चोवीस तास कुणी पोहायचं नाही, वरून पाणी सोडायचं नाही, पाऊसही नसावा. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. ही चाचणी एकदा पंप चालू ठेवून करा, एकदा पूर्ण बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त गळत असेल तर फिल्टरनंतरच्या, पाणी परत आणणाऱ्या लाइनवर संशय घ्या, कारण तिथे दाब असतो. मल्टीपोर्ट व्हॉल्व्हमधून (फिल्टरचं पाणी कुठे जायचं ते ठरवणारा दांड्याचा व्हॉल्व्ह) वेस्टच्या, म्हणजे गटाराकडे जाणाऱ्या, पाइपात पाणी झिरपतंय का तेही तेव्हाच बघा, गॅस्केट गेलेलं असतं आणि पाणी गुपचूप गटारात जात राहतं. पंप बंद असताना जास्त गळत असेल तर ओढीच्या लाइनकडे बघा. चालू असतानाच्या ओढीमुळे ती गळती लपते आणि उलट हवा आत येते.

पंप बंद ठेवून पाणी उतरू दिलं आणि ते एका ठरावीक उंचीला येऊन थांबलं तर शोध निम्मा संपला. भोक तिथेच आहे. स्किमरच्या तोंडाशी थांबलं तर स्किमरचा प्लास्टिकचा सांगाडा आणि काँक्रीट यांच्या सांध्यात फट आहे असं समजा. या दोन वस्तू उन्हात वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात, वर डेक बसला की सांधा सुटतो. पंप बंद, पाणी निश्चल, आणि इंजेक्शनच्या सिरिंजमधून खाण्याच्या रंगाचे दोन थेंब त्या कडेजवळ हळूच सोडा. फट असेल तर रंगाची रेघ आत ओढली जाताना स्पष्ट दिसते. पाण्याखाली चालणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने ती भरता येते, त्यासाठी पूल रिकामा करावा लागत नाही.

भरायला टँकर मागवणार असाल तर १० हजार लिटरचा टँकर तुमच्या पूलमध्ये ३१ सेंटीमीटर पाणी चढवेल. चार-पाच सेंटीमीटरसाठी एवढा टँकर मागवायचा नसतो. बोअरचं पाणी सोडत असाल तर एकदा तपासून घ्या. त्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं आणि दोष क्लोरीनला लागतो. आणखी एक: उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. जड पाणी उन्हाळाभर भरत राहिलात तर मेअखेरीस टाइलच्या पट्टीवर पांढरी कड धरते. त्या दृष्टीने पावसाळ्यात थोडं पाणी बदललं जातं ते बरंच.

आपोआप भरणारा बॉलकॉक बसवावा का, हे पुढे विचारालच. मी सुचवत नाही. बंगला बंद असताना गळती सुरू झाली तर बॉलकॉक इमानेइतबारे पाणी भरत राहतो आणि तुम्हाला दोन महिन्यांनी पाण्याच्या बिलावरून किंवा खचलेल्या डेकवरून कळतं. बसवायचाच असेल तर त्या लाइनवर मीटर लावा. शिवाय पाइपाचं तोंड पूलच्या पाण्यात बुडलेलं नको, चांगलं वर असावं, नाहीतर उलट ओढ लागून पूलचं पाणी घरच्या टाकीच्या लाइनमध्ये जाऊ शकतं.

जुलैचं गणित वेगळं. लोणावळ्यात दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस झाला तर कुणी भुवई उंचावत नाही. त्याचा अर्थ तुमच्या पूलमध्ये आभाळातूनच ६४०० लिटर, पातळी २० सेंटीमीटर वर. स्किमरच्या मध्यापासून कोपिंगपर्यंत, म्हणजे काठावरच्या फरशीपर्यंत, जागा असते साधारण १५ सेंटीमीटर. म्हणजे एका रात्रीत पूल काठावरून वाहतो आणि डेकवरची माती, गवत पाण्यात उतरतं. त्याच्या आधीच, पाणी स्किमरच्या तोंडाच्या वर गेल्याबरोबर फ्लॅपचं काम थांबलेलं असतं. पाणी आत जातं, पण पृष्ठभागाखालून, त्यामुळे पाचोळा तोंडावरून फिरून निघून जातो आणि भिजून तळाला बसतो. पावसाळ्यात पूल हिरवा होण्यात क्लोरीन पातळ होण्याइतकाच याचाही हात असतो.

यावर खरा इलाज ओव्हरफ्लो पाइप. स्किमरच्या तोंडाच्या वरच्या कडेच्या थोडं खाली, भिंतीत एक दोन इंची पाइप काढायचा, तोंडावर जाळी लावायची आणि उतार देऊन पावसाच्या गटारात सोडायचा. मध्ये पंप नाही, व्हॉल्व्ह नाही. तासाला ५० मिलिमीटर अशी झड आली तरी तुमच्या पूलवर पडणारं पाणी तासाला १६०० लिटर असतं, एवढं दोन इंची पाइप सहज नेतो. अट एकच, डेकचा उतार पूलकडे नसावा. छपराची पन्हळ पूलच्या दिशेने सुटलेली असेल तर तीही वळवा. काही स्किमरच्या सांगाड्यात ओव्हरफ्लोसाठी तोंड आधीच दिलेलं असतं आणि बसवणाऱ्याने ते बुच मारून सोडून दिलेलं असतं. बाजूचा डेक उकरायच्या आधी तुमच्या स्किमरला तसं तोंड आहे का ते बघा.

पाइप होईपर्यंत हाताने काढा. पंप बंद करा, मल्टीपोर्टचा दांडा वेस्टवर घ्या, स्किमरचा व्हॉल्व्ह बंद, मेन ड्रेनचा उघडा, मग पंप चालू. चालू पंपावर दांडा कधीही फिरवू नका, आतलं गॅस्केट फाटतं. दहा सेंटीमीटर काढायला, म्हणजे ३२०० लिटरला, पंधरा मिनिटांच्या आसपास लागतील. क्लोरीन घातलेलं पाणी विहिरीजवळ किंवा शेजारच्या भातखाचरात सोडू नका. क्लोरीन टाकून दोन-तीन दिवस झाल्यावर काढलं तर उत्तम. मोठ्या पावसानंतर तपासणी करा: मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारहीन असतं, त्यामुळे अल्कलिनिटी खाली येते आणि पीएच हेलकावे खातो.

आणि पावसाळ्यात पूल रिकामा करू नका, 'एकदाचा धुऊन काढू' असं कुणी म्हणालं तरी. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणात खणलेला खड्डा पाणी बाहेर सोडत नाही, पूलच्या बाहेरच्या बाजूने तो भरून राहतो. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा एक मीटर वर असेल तर पूलच्या तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला एक टन जोर खालून वर लागतो. आतलं पाणी हाच त्याला तोल असतो. तो काढला की तळाला तडा जातो, आणि फायबरचा पूल असेल तर अख्खा वर उचलला जाऊ शकतो. अलिबाग-मुरुडकडे, जिथे भूजल वितीवर येतं, तिथे ही भीती आणखी मोठी. मेन ड्रेनच्या खड्ड्यात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर बाहेरचं पाणी आत घेऊन तो दाब कमी करतो, पण वर्षानुवर्षं गाळात बसलेल्या व्हॉल्व्हच्या भरवशावर मी तरी जुलैत पूल रिकामा करणार नाही. धुवायचा असेल तर एप्रिल-मे.

मेन ड्रेनचा विषय निघालाच आहे तर सुरक्षिततेचं बोलू. एकच ड्रेन, वर सपाट जाळी, आणि स्किमरचा व्हॉल्व्ह बंद, अशा वेळी पंपाची सगळी ओढ त्या एका तोंडावर येते. मुलाचं अंग त्यावर चिकटलं किंवा लांब केस जाळीत अडकले तर मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत एका सात वर्षांच्या मुलीच्या अशा मृत्यूनंतर २००७ मध्ये कायदा झाला आणि तिथे सुरक्षित ड्रेन-कव्हर सक्तीचं झालं. आपल्याकडे घरगुती पूलला कुणी विचारायला येत नाही, म्हणून आपणच बघायचं. जाळी घुमटासारखी फुगीर हवी, तिचे स्क्रू जागेवर हवेत, तुटलेली असेल तर त्या दिवशी पोहणं बंद. नवीन पूल बांधताना दोन ड्रेन एकमेकांपासून निदान तीन फुटांवर ठेवून एकाच लाइनला जोडतात, म्हणजे एक झाकला गेला तरी ओढ दुसरीकडे वळते. वर मी 'स्किमर बंद, मेन ड्रेन पूर्ण उघडा' असं दोनदा सांगितलं, ते करताना पाण्यात कुणीही नको.

एका स्किमरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. साधारण २५ चौरस मीटरला एक स्किमर हा हिशोब धरतात, तुमचे ३२ आहेत. म्हणजे एकावर भागतं, ओढूनताणून. तो पूलच्या पूर्वेच्या बाजूला असेल तर नशीब समजा, कारण पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून-नैर्ऋत्येकडून येतो आणि कचरा आयता त्याच्यासमोर लोटतो. पश्चिमेला असेल तर इनलेटचे डोळे, म्हणजे त्यातल्या फिरणाऱ्या तोट्या, फिरवून पाण्याला वळसा द्या, सगळे एकाच दिशेने आणि किंचित वर रोखलेले. पाणी गोल फिरायला लागलं की पूर्वेला साठलेला पाचोळा फिरत फिरत स्किमरपर्यंत येतो. यात खर्च शून्य.

जून ते सप्टेंबर बास्केटमध्ये हात घालण्याआधी पंप बंद करून टॉर्च मारा. बेडूक असतोच, खेकडाही सापडतो, आणि बेडकामागे दिवड किंवा एखादा विषारी सापही येतो. बास्केट लोखंडी आकड्याने उचलायचं, हे केअरटेकरच्या घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण तुम्ही नसताना झाकण तेच उघडणार आहेत.